कच्च्या स्लॅबखाली

टेकू काढायला माणसं आली तेव्हा टेकूताई स्लॅबखाली खुर्ची टाकून बसलेली होती. पायाशी जेवणाचा डबा, शेजारी पाण्याची बाटली. दवाखान्यात नंबर लावलेली बाई जशी बसते, आपला नंबर आल्याशिवाय कुणाच्या बापाने सांगितलं तरी न हलणारी, तशी ती बसली होती.

मुकादम हातोडा खांद्यावर टाकून आत शिरला आणि जागीच थांबला.

"ताई, तुम्ही? इथे?"

"माझ्या टेकूंना भेटायला आलेय. तुला काही हरकत?"

"हरकत नाही, पण आज सेंट्रिंग खोलायचंय, फळ्या-टेकू सगळं. शेठनी सांगितलंय."

"मग खोल की. मी कुठे हात धरलाय तुझा?"

मुकादमाने वर पाहिलं, खाली पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखा बाहेर जाऊन वाळूच्या ढिगावर बसला. खाली माणूस असताना टेकू काढायचा नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. त्यातून ही बाई म्हणजे शेठची सख्खी मोठी बहीण. तिच्या अंगावर साधी खपली पडली तरी फासावर कोण जाणार? त्याने बिगाऱ्यांना चहा सांगितला.

टेकूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बांधकामावरची सगळी माणसं तिला त्याच नावाने ओळखायची, कारण स्लॅब टाकताना खालून आधाराला जे लोखंडी टेकू लावतात, ते सगळे तिच्याकडून भाड्याने यायचे. आता या मजल्यावर उभे होते तेही तिचेच. वरचं काँक्रीट अजून ओलसर होतं, कच्चं होतं, त्याच्यावर रोज पाणी मारणं चाललं होतं. ते स्वतःचं ओझं स्वतः पेलायला लागेपर्यंत खालचा टेकू हलवायचा नसतो. यात गुपित काहीच नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी घर बांधताना पाहिलंय त्याला हे कळतं. तिच्या भावालाही कळत होतं, आणि त्याचाच तर तिला राग होता. न कळणाऱ्याला समजावता येतं. कळून सवरून डोळ्यांवर कातडं ओढणाऱ्याचं काय करायचं?

त्यांचे बाबा गवंडी होते. संध्याकाळी हातपाय धुऊन पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचे आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. त्यातही शलमोन राजाची वचनं त्यांच्या फार आवडीची, कारण ती आटोपशीर असतात आणि दमलेल्या माणसाला झोप लागायच्या आत संपतात. घाईने आलेलं धन घाईनेच ओसरतं, मूठमूठ जमवणाऱ्याचं वाढत जातं, हे वचन त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं की पोरं ते पाढ्यासारखं म्हणायची. आई तर आधीच गेली होती. बाबा गेले तेव्हा मागे एक लाकडी टेकूंचा ढीग, एक मोठी मुलगी आणि शाळेत जाणारा धाकटा एवढंच उरलं.

त्या ढिगावर तिने धाकट्याला वाढवला. टेकू भाड्याने दिले, आलेल्या पैशातून दरवर्षी चार-दोन लोखंडी घेतले, मोडके विकले, पुन्हा घेतले. पुढे नवरा मिळाला तोही टेम्पोवाला. लोक म्हणाले, टेकू वाहायला फुकटचा गडी मिळाला. ती म्हणाली, हो, आणि तुमच्यापेक्षा कमी बोलतो. धाकट्याची फी, वह्या, चष्मा, पहिली सायकल, सगळं टेकूंच्या भाड्यातून आलं.

धाकटा शिकला, सुपरवायझर झाला, मग छोटी कंत्राटं घ्यायला लागला. तोवर सगळं ठीक होतं. मग त्याला भागीदार भेटला. या भागीदाराकडे पैसा होता, ओळखी होत्या, नव्हता तो फक्त धीर. बघता बघता धाकट्याची एक अख्खी इमारत भराभर उभी राहिली, विकली गेली, आणि धाकट्याचा शेठ झाला. काचेचं ऑफिस आलं, मोठी गाडी आली, बूट असे आले की त्यांत आपलं तोंड बघावं. त्या वेळी टेकू तिच्याकडे ठरल्यापेक्षा फार लवकर परत आले होते. ती खूश झाली होती. माझा भाऊ सामान अडकवून ठेवत नाही, गुणाचा आहे, असं चारचौघांत सांगत सुटली होती. लवकर का आले, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

ते काल आलं. मुकादम सहज बोलता बोलता म्हणाला, "ताई, उद्या खालचं सेंट्रिंग खोलून वर चढवायचंय. टेम्पोची गरज नाही, आमचे आम्ही चढवू." ती म्हणाली, "अरे, स्लॅब तर आत्ताच टाकलाय!" मुकादम खाली बघत म्हणाला, "मागच्या इमारतीलाही असंच केलं होतं."

मग काय, ती तशीच उठून भावाच्या ऑफिसात गेली.

तिथे भिंतीवर सोनेरी फ्रेम होती. परमेश्वराचा आशीर्वाद माणसाला धनवान करतो, अशा अर्थाचं वचन, वळणदार अक्षरांत. खाली धाकटा फोनवर. तिने फोन संपायची वाट पाहिली नाही.

"हे अर्धंच कसं रे लिहिलंय? पुढे आहे ना, की त्या धनाबरोबर देव दुःख देत नाही. ते काय फ्रेममध्ये मावलं नाही?"

"ताई, बस. पाणी घे."

"पाणी त्या स्लॅबला दे, त्याला जास्त गरज आहे. उद्या टेकू काढणार आहेस?"

धाकट्याने फोन ठेवला. त्याने तिला समजावलं, अगदी गोड आवाजात, बँकेत समजावतात तसं. महिना संपायच्या आत वरचा स्लॅब टाकून झाला तर बँक पुढचे पैसे सोडणार होती. पैसे सुटले की भागीदार मोठा प्लॉट त्याच्या नावावर करणार होता. गावभर बांधकामं चालू होती, कुणाकडे एक टेकू शिल्लक नव्हता. खालचे काढून वर लावण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

"थांबण्याचा आहे की," ती म्हणाली.

"थांबलो तर प्लॉट जातो."

"आणि स्लॅब खाली आला तर?"

"काही येत नाही. मागची इमारत अशीच केली. उभी आहे ना?"

"उभी आहे म्हणून तू शहाणा ठरलास? दारू पिऊन गाडी चालवणाराही एखाद दिवस घरी पोचतो."

"ताई, तू जुन्या जमान्यातली आहेस. तुझ्यासारखं दरवर्षी चार टेकू घेत बसलो असतो तर मी म्हातारपणी एक खोली बांधली असती."

"बांधली असतीस, पण तिच्यात झोप लागली असती."

मग गोड आवाज गेला. सामानाचं भाडं आपण भरलंय, तेव्हा ते कधी काढायचं आणि कुठे लावायचं हे आपण ठरवणार, असं तो म्हणाला. फार झालं तर पुढच्या वेळी तिचं सामान घेणार नाही, परगावाहून मागवेल. ही धमकी तिने ऐकून घेतली. तिच्या धंद्याचा निम्म्याहून जास्त भाग त्याच्यावर चालत होता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

"मागव की परगावाहून," ती उठत म्हणाली. "ते येईपर्यंत हा स्लॅब तरी पक्का होईल."

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझा भाऊ आहे, तू बघ." आणि सकाळी उठून न सांगता टेम्पोत खुर्ची चढवली.

तर अशी ती इथे येऊन बसली होती.

दुपार व्हायच्या सुमाराला धाकटा आला. मागून भागीदाराची गाडीही आली, पण भागीदार उतरला नाही. त्याने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि घड्याळाकडे बघत बसला. शेजारी फरशीवाल्यांचा टेम्पो उभा होता. टेकू निघाले की लगेच त्यांना या मजल्यावर कामाला लावायचं, अशी आखणी होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते यालाच.

"ताई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू दे. मी काय चोरी करतेय?"

"माझी इज्जत घालवतेयस तू."

"तुझी इज्जत ह्या टेकूंवर उभी आहे होय रे? मग तर मुळीच काढू नकोस."

वाळूच्या ढिगावर कुणीतरी खुसकन हसलं. धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी गणित चुकलं की असेच व्हायचे. तिला एक क्षण त्याची दया आली, आणि मग त्या दयेचाही राग आला.

"तुला सांगतो ताई, स्लॅब पक्का आहे. माझ्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

"आहे ना. म्हणून तर बसलेय. तू म्हणतोस पक्का, मग मी उठायचं कशाला? सांग मुकादमाला, काढ म्हणावं." तिने डबा मांडीवर घेतला. "आणि तूही बस. सकाळपासून काही खाल्लं नसशील. आपण दोघं जेवू, तोवर तो काढेल."

वरून पाण्याचा थेंब टपकन तिच्या खुर्चीजवळ पडला.

"वेडी झालीस का?"

"यात वेडं काय? उद्या ते फरशीवाले इथे खाली मान घालून काम करणार. परवा इथे कुणी घर मांडणार, पोरं झोपवणार. त्यांना चालतं, मग आपल्याला काय झालं? आपण मालक ना?" मग तिने आवाज चढवला. "अहो भागीदार! तुम्हीही या की जेवायला! डब्यात पुष्कळ आहे!"

"मला पथ्य आहे," गाडीतून उत्तर आलं.

"कसलं? छताखाली बसायचं?"

आता मात्र वाळूचा अख्खा ढीग हसला. भागीदाराने काच अर्धी वर केली, आणि अर्ध्या काचेतून म्हणाला, "शेठ, बसा हो. पाच मिनिटांचा प्रश्न. एकदाचं मिटवा."

धाकट्याने गाडीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, एक रिकामं घमेलं पालथं घातलं आणि चकचकीत बूट सांभाळत तिच्यासमोर बसला. "बसलो. झालं? मुकादम, चल, कामाला लाग."

तिला हे अपेक्षित नव्हतं. तो बसणार नाही, बहाणे सांगेल, तणतणत निघून जाईल, असं तिने धरलं होतं. हा खरंच छत अंगावर घेणार की काय? पण आता माघार घेतली तर सकाळपासूनचं सगळं मातीमोल झालं असतं. तिने झाकणात भात वाढला, भाजी वाढली, त्याच्या हातात दिलं.

मुकादम आत आला. तो लांबच्या कोपऱ्यात गेला, वाकला आणि त्याने टेकूच्या बुडाशी असलेल्या पाचरीवर हातोडी मारली.

ठण्ण.

आता खरं सांगायचं तर मुकादम काहीही काढत नव्हता. दोन माणसं खाली जेवत असताना टेकू काढायला तो काही खुळा नव्हता. शेठने कामाला लाग म्हटलं म्हणून त्याने जे काम बिनधोक होतं ते सुरू केलं. प्रत्येक टेकूला हलकी टिचकी मारून कोणता किती ओझं पेलतोय ते ऐकायचं, हे तो रोज करायचा. टिचकीचा आवाज वेगळा, आणि खोलताना पाचर उडवतात त्या घावाचा वेगळा. धाकटा तर टेकूंच्या ढिगात खेळून मोठा झालेला. एके काळी पाठ करून उभा राहिला तरी त्याला तो फरक कळला असता. पण गेली कित्येक वर्षं तो साईटवर गाडीतून उतरायचा, वर बघायचा आणि पुन्हा गाडीत बसायचा.

ठण्ण झालं आणि धाकटा उडाला. दुसरा शब्द नाही. झाकण एकीकडे, भात एकीकडे, घमेलं गडगडत तिसरीकडे, आणि शेठ दोन ढांगांत बाहेर, उन्हात, खडीच्या ढिगाला धरून धापा टाकत उभा. एक बूट आतच राहिला होता.

पहिल्यांदा बिगारी हसले. मग त्यांचं हसू आपोआप बंद झालं, कारण सगळ्यांना एकच गोष्ट दिसली. टेकूताई अजून खुर्चीवरच होती.

ती त्याच्याकडे बघत होती. वर काहीही हललेलं नव्हतं, साधी धूळसुद्धा पडली नव्हती.

"पळालास," ती म्हणाली.

धाकट्याने खडीच्या ढिगाचा आधार सोडला नाही.

"पळालास ते बरं केलंस. जीव प्यारा असावा माणसाला. पण मला ओढलं नाहीस रे छोट्या." तिचा आवाज फाटला, तिने तो तसाच फाटका पुढे रेटला. "हात लांब केला असतास तरी मी हाताशी होते. साधी 'ताई' म्हणून हाक नाही मारलीस! अंगाखांद्यावर खेळवला तुला, तापात रात्ररात्र मांडीवर घेतला, आणि छत पडतंय असं वाटल्याबरोबर तुला फक्त तूच आठवलास. एवढा कधी झालास रे तू? कुणी केला तुला असा?"

"ताई, बाहेर ये."

"का? पक्का आहे ना?"

"बाहेर ये म्हणतो ना!"

"नाही येत. आधी म्हण."

"काय म्हणू?"

"जे तुझे पाय म्हणाले ते तोंडाने म्हण. सगळ्यांसमोर."

गाडीचा हॉर्न वाजला. भागीदाराने काच पुन्हा खाली केली होती. "शेठ, तमाशा पुरे. मला आत्ता सांगा. हो की नाही? नाही म्हणालात तर प्लॉटला माणसं खूप आहेत."

धाकटा एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवताराने मध्ये उभा होता. इकडे गाडी, तिकडे खुर्ची. त्याने घाम पुसला. त्याचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं," टेकूताई म्हणाली.

"कच्चा आहे."

"त्या गाडीपर्यंत जाऊ दे."

"कच्चा आहे!" धाकटा ओरडला. "कच्चा आहे, कच्चा आहे, कच्चा आहे! टेकू निघणार नाहीत! झालं तुझं समाधान?"

गाडीची काच वर गेली. गाडी मागे आली, वळली आणि फरशीवाल्यांच्या टेम्पोला घासता घासता निघून गेली. फरशीवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याला विचारलं, "म्हणजे आपण ह्याच्याखाली काम करणार होतो?" दुसरा उडी मारून आत बसला. त्याने टेम्पो चालू केला.

धाकटा धूळ उडालेल्या रस्त्याकडे बघत राहिला. "बुडवलंस तू मला," तो म्हणाला. "सगळं गेलं. बँक गेली, प्लॉट गेला."

"गेला तर गेला. तुझा होता कधी? आणि बुडणारा माणूस असा दोन ढांगांत काठावर येत नाही. आत ये. तुझा बूट इथे आहे."

"आत?"

"टेकू जागेवर आहेत तोवर मला काय धाड भरलीय? आणि तुलाही. ये. अर्धा डबा सांडलास, अर्धा अजून आहे."

तो आला. मुकादमाने गुपचूप घमेलं उचलून पुन्हा पालथं घातलं आणि आपल्या माणसांना घेऊन बाहेर गेला. धाकटा बसला. तिने डब्यातला भात सारखा केला, त्याच्यापुढे धरला. त्याने दोन घास खाल्ले. तिसरा घास हातातच राहिला. तो वर बघत होता, पण या स्लॅबकडे नव्हे. नजर याच्याही पलीकडे कुठेतरी गेली होती.

"ताई."

"जेव."

"मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एक नवराबायको राहतात. तिला दिवस गेलेत. त्यांनी मला बोलावून छताला पडलेली चीर दाखवली होती."

टेकूताईने हातातला डबा खाली ठेवला.

"मग?"

"मी रंग मारून दिला."

तिला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली, आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. डब्याला झाकण लावलं, खुर्चीवरून उठली आणि त्याचा बूट उचलून त्याच्या पायाशी ठेवला.

"घाल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जायचं. दार मी वाजवीन. बोलायचं तू."